पाठवलं तेच आलं

एका जंगलात, मुलांनो, एक संगणक होता आणि त्याला नदी ऐकू येत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला नदी कशाला ऐकू यायला हवी? चुळबुळ न करता बसा, म्हणजे कळेल.

त्या जंगलातून एक नदी वाहायची. दरबारापासून दोन कोस वर तिचा एक डोह होता. डोहात एक खांब, खांबावर हातांच्या खुणा, आणि काठावर कासवआबा. कासवआबांनी सारं आयुष्य त्या खांबाकडे बघण्यात घालवलं. पाणी किती हात चढलं ते बघायचं आणि यंत्रात टाइप करायचं. एक आकडा टाइप केला की दम खायचा, मग दुसरा. तो आकडा तारेतून खाली दरबारात जायचा. तारेतून सगळं एकामागून एक चालत यायचं, खिंडीतून मेंढरं येतात तसं. म्हणून शिकलेले लोक तिला सिरीयल तार म्हणत.

दरबारातल्या संगणकावर आकडा उमटे. दहाच्या वर गेला की नगारा वाजे. नगारा वाजला की काठावरचे ससे, मुंगसं, घोरपडी टेकडी चढत. आणि टेकडीवरची वानरं खाली उतरून टिटव्यांची अंडी ओंजळीत घेऊन वर नेत. कारण टिटवी अंडी घालते नदीच्या पात्रात, उघड्या गोट्यांमध्ये, आणि ती तिच्या चोचीत मावत नाहीत. वानरांना हात असतात. वानरांचं तेच काम होतं. मात्र नगारा वाजल्याशिवाय अंड्याला हात लावला तर ती चोरी, असा सक्त नियम होता.

अशी तीस वर्षं गेली. कोणी बुडलं नाही. त्यामुळे ही व्यवस्था काही उपयोगाची आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मग जुन्या संगणकाला वाळवी लागली आणि नवा आला. नवा इतका पातळ होता की सिंहमहाराजांनी पहिल्या दिवशी त्याला ताट समजून त्यावर हरणाची तंगडी ठेवली. त्याच्यात सगळं काही होतं. फक्त नदीच्या तारेचं नऊ खिळ्यांचं जाड तोंड बसेल अशी जागा नव्हती. तार खिडकीतून नुसती आत लोंबकळत राहिली. दरबाराचे सचिव हसमुखराव तरस तिच्यावर आपला ओला पंचा वाळत घालू लागले.

वरून कासवआबा आकडे पाठवत राहिले. आकडे पंच्यापर्यंत येत राहिले.

*

त्याच जंगलात ठिणगी नावाची एक टिटवी होती. डोळ्यांपुढे लाल झालर असल्यामुळे ती कायम रागावल्यासारखी दिसे. खरं सांगायचं तर ती कायम रागावलेलीच असे. वनविद्यापीठातून तारांचं शास्त्र शिकून आली होती. तिची अशी समजूत होती की जंगलात जे चुकतं, ते कोणी समजावून सांगत नाही म्हणून चुकतं. एकदा नीट समजावून सांगितलं की सगळे ऐकतील. एवढं शिकूनही तिला असं वाटायचं. विद्यापीठात काय शिकवतात देव जाणे.

वैशाखात तिने पात्रातल्या गोट्यांत चार अंडी घातली. तिचा नवरा शांताराम अंड्यांवर बसला आणि ठिणगी अर्ज लिहायला बसली.

दोन दिवसांत सात अर्ज झाले. सातव्या अर्जानंतर एक अडॅप्टर आला. बोटभर लांब, निळा. एका बाजूला नव्या संगणकात शिरणारं चपटं तोंड आणि दुसऱ्या बाजूला जुन्या तारेत बसणारे नऊ खिळे.

ठिणगीला वाटलं, जोडला की झालं.

"असं कसं?" हसमुखराव हसले. ते कशालाही हसत. "ठिणगीबाई, आधी तपासणी. तपासणीशिवाय दरबारात काडीसुद्धा वापरायची नाही."

"मग करा ना तपासणी."

"करायची कशी ते आम्हाला कुठे ठाऊक? तुम्ही शिकलेल्या. नमुना तुम्हीच लिहून द्या. आम्ही बरोबर-चूक करू."

ठिणगी खूश झाली. पळसाचं पान घेतलं आणि तिने सुबक अक्षरात लिहिलं: 'चाचणी पहिली. पाठवलेलं आणि आलेलं एकच असेल तर पास. वेगळं असेल तर नापास.' चाचणी दुसरी ती जेवण झाल्यावर लिहिणार होती.

मुलांनो, त्या जेवणाकडे जरा लक्ष ठेवा.

*

पण जेवणाआधीच समिती आली. अध्यक्ष होते गवासाहेब. रानगवा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्यांचं मत फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं, पण त्याला वजन होतं.

ठिणगीने संगणकावर टर्मिनल उघडलं. टर्मिनल म्हणजे एक काळी चौकट. तुम्ही टाइप कराल ते तारेतून बाहेर जातं आणि तारेतून जे आत येईल ते चौकटीत दिसतं. बाकी त्यात काही नसतं. बातम्या नसतात, चित्रं नसतात. त्यामुळे गवासाहेबांना ते खूप तांत्रिक वाटलं.

"साहेब, हा खिळा बोलायचा," ठिणगीने चोचीने दाखवलं, "आणि हा ऐकायचा. दोघांमध्ये मी ही तांब्याची तार अडकवते. म्हणजे अडॅप्टर जे बोलेल ते त्याचं त्यालाच ऐकू येईल. अक्षर परत आलं की समजायचं, याचं तोंड आणि कान शाबूत आहेत."

तिने 'अ' दाबला. चौकटीत 'अ' उमटला.

तिला इतका आनंद झाला की तिने 'आ' दाबला, मग 'इ'. सगळी पोरं वर्गात हजर राहिल्यासारखी परत आली.

"म्हणजे चालतं," गवासाहेब म्हणाले.

"तोंड आणि कान चालतात. अजून नदी जोडायची आहे."

"अगं टिटवे, एका शब्दात सांग. चालतं की नाही?"

ठिणगी घुटमळली. "चालतं. पण..."

"दोन शब्द झाले," हसमुखराव म्हणाले आणि त्यांनी पहिलाच शब्द लिहून घेतला.

लगेच सिंहमहाराजांना वर्दी गेली. महाराज आले, त्यांच्या खांद्यावर दरबारी पोपट आला. महाराजांनी एका नखाने सावकाश टाइप केलं: 'मी थोर आहे.'

चौकट म्हणाली: 'मी थोर आहे.'

महाराजांच्या आयाळीवर काटा आला. "याला कसं कळलं?"

"अत्याधुनिक आहे, महाराज," हसमुखराव म्हणाले.

महाराजांनी टाइप केलं: 'प्रजा सुखी आहे.' चौकटीनेही तेच सांगितलं. महाराजांनी टाइप केलं: 'नदी शांत आहे.' चौकटीने क्षणाचाही विलंब न लावता दुजोरा दिला.

"गेली नऊ वर्षं हेच काम मी करतोय," पोपट पुटपुटला. "मला कोणी अत्याधुनिक म्हटलं नाही."

"तू मधेच शिंकतोस," महाराज म्हणाले.

"महाराज," ठिणगी पुढे झाली, "हे तुमचंच बोलणं तुम्हाला परत येतंय. एवढीशी तार आहे, बघा. इथून गेलं, इथून आलं. दरबाराच्या बाहेरसुद्धा गेलं नाही. आता मी खरी तार जोडते. दोन मिनिटं द्या."

महाराज खुशीत होते. त्यांनी दिली.

ठिणगीने तांब्याची तार काढली, तरसाचा पंचा बाजूला केला आणि नदीची तार अडॅप्टरला बसवली. चौकटीत आधी नुसता कचरा आला, उलटीसुलटी चिन्हं. "वेग चुकलाय," ती म्हणाली. "कासवआबांचं यंत्र कासवाच्याच वेगाने बोलतं." तिने वेग कमी केला. चौकट कोरी झाली.

मग एक अक्षर आलं. सगळ्यांनी वाट पाहिली. दुसरं आलं. गवासाहेबांनी रवंथ सुरू केला. महाराजांना डुलकी लागली. सावल्या लांबल्या तेव्हा कुठे चौकटीत पूर्ण मजकूर उभा राहिला:

'पाणी ६ हात. काल ५ होतं. खांब सैल झालाय. यंत्राला तेल पाठवा असं तिसऱ्यांदा सांगतोय. तिथे कोणी आहे का? - कासव.'

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. नदी बोलली होती!

महाराज जागे झाले. त्यांनी वाचलं. "हे कोणी टाइप केलं?"

"कोणीच नाही, महाराज," हसमुखराव म्हणाले. "आपोआप आलं."

"न विचारता?"

"न विचारता. शिवाय तेल मागतंय."

गवासाहेबांनी गंभीरपणे पळसाचं पान उघडलं. "महाराजांनी काय टाइप केलं होतं? 'नदी शांत आहे.' आणि आलं काय? खांब, तेल, कासव. एकच आहे का हे?"

"नाही, पण साहेब, ते एकच नसायलाच हवं!"

"निकष काय म्हणतो? 'वेगळं असेल तर नापास.' हा निकष लिहिला कोणी?"

ठिणगीने पानाकडे पाहिलं. अक्षर खरोखर फार सुबक होतं.

"मी," ती म्हणाली.

*

समितीचा निर्णय संध्याकाळच्या आत लागला. तांब्याच्या तारेसह अडॅप्टर पास. नदीच्या तारेसह नापास. तांब्याची तार पुन्हा खिळ्यांवर बसवण्यात आली. तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि वर लाख ओतून महाराजांच्या पंजाचं सील उठवलं. सील केलेल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, हा जंगलातला सगळ्यात जुना नियम. तो वाघालाही लागू होता.

"दुसऱ्या चाचणीचं पान कुठाय मग?" घरी शांतारामने विचारलं.

"लिहिणार होते. जेवल्यावर."

"आणि जेवलीस का?"

"नाही."

"म्हणजे जेवणही गेलं आणि चाचणीही गेली," शांताराम म्हणाला आणि अंड्यांवर जरा सरकून बसला. तो वाईट नव्हता. अठ्ठावीस दिवस एका जागी बसायचं म्हटलं की कोणीही असं बोलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगी दुसरं पान लिहून घेऊन गेली. हसमुखराव पोट धरून हसले. "ठिणगीबाई, निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका आणलीत?"

"हसमुखराव, एकदा डोहापर्यंत चाला माझ्याबरोबर. तुम्हीच बघा."

"अहो, यंत्र असताना चालायचं? मग यंत्र कशाला घेतलं?" ते पंचा झटकत म्हणाले. "आणि मला सांगा, तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता, आभाळ कोसळलं तर पेलायला. आभाळ पेलता ना? मग एवढीशी नदी नाही पेलवत?"

दरबार हसला. ठिणगीच्या डोळ्यांपुढची झालर आणखी लाल झाली.

मग रोज सकाळी हसमुखराव टर्मिनलसमोर बसत. 'नदी शांत आहे' असं टाइप करत, उत्तर आलं की पानावर खूण करत आणि पंचा वाळत घालत. चोवीस दिवसांत चोवीस खुणा झाल्या. जंगलाच्या इतिहासात नदी इतकी सलग शांत कधीच नव्हती.

*

पंचविसाव्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. ऊन कडक होतं. पात्रात मात्र पाण्याचा रंग बदलला होता, आणि त्यातून कारवीची ओली पानं वाहत येत होती.

ठिणगीने एक पान चोचीत धरलं. कारवी इथे नव्हतीच. ती वर घाटात उगवायची.

"शांताराम, वर कुठेतरी वळीव कोसळलाय."

"इथे तर ऊन आहे."

"नदीला इथलं ऊन कळत नाही रे!" ती म्हणाली आणि उडाली.

डोहावर कासवआबा खांबाला धरून होते. खांब हलत होता.

"पोरी! किती दिवसांनी कोणी आलं. अकरा हात झालंय. सकाळपासून सात वेळा पाठवलं. नगारा कसा वाजत नाही?"

"आबा, तुमचा आकडा दरबारात पोचतच नाही."

"मग कुठे जातो?"

ठिणगीला 'पंच्यात' असं सांगायची लाज वाटली. "मी जोडते तार. तुम्ही पाठवत राहा. थांबू नका."

"मी कधी थांबलोय?" आबा म्हणाले.

ती आधी टेकडीवर वानरांकडे गेली. वानरांचा मुकादम उवा काढत बसला होता.

"दादा, खाली चला. चार अंडी आहेत. पाणी येतंय."

"नगारा?"

"नाही वाजला. पण मी स्वतः पाहून आलेय, अकरा हात आहे."

"ताई, तुझ्यावर माझा विश्वास आहे," मुकादम म्हणाला, आणि त्याचा खरंच होता. "पण बिननगाऱ्याचा अंड्याला हात लावला म्हणून माझ्या मेव्हण्याला वर्षभर शेपूट बांधून बसवलं होतं. तू नगारा वाजव. दोन श्वासांत आम्ही खाली असू. हे बघ, ओंजळी तयारच आहेत."

सगळ्या टोळीने ओंजळी करून दाखवल्या. मोठ्या छान, खोलगट ओंजळी होत्या.

ठिणगी दरबारात शिरली ती ओरडतच. टिटवीचं ओरडणं तुम्ही ऐकलंय ना? लोक म्हणतात अपशकुन होतो. म्हणजे आधी संकट येतं, ते टिटवीला दिसतं, ती ओरडते, आणि संकट आणल्याचा आरोप टिटवीवर येतो.

"तोंड आवर!" गवासाहेब गरजले. "काय झालं?"

"पाणी अकरा हात आहे! नगारा वाजवा!"

"हे तू सांगतेस. यंत्र काय म्हणतं?"

हसमुखरावांनी निमूटपणे टाइप केलं: 'पाणी अकरा हात आहे का?'

चौकटीत आलं: 'पाणी अकरा हात आहे का?'

"बघा. त्यालाच खात्री नाही. ते आपल्याला विचारतंय."

"अहो, ते विचारत नाहीये! तुम्ही विचारलेलंच..."

"थांबा. आम्ही पाहतो," महाराज म्हणाले आणि त्यांनी नख टेकवलं. 'नदी शांत आहे.'

'नदी शांत आहे.'

"झालं समाधान?" महाराजांनी मायेने विचारलं.

मुलांनो, ठिणगीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की समजावून सांगण्यासारखं आता काही उरलं नाही. तिने झडप घातली. चोचीने लाख फोडली, झेंडू विखुरले, तांब्याची तार उपटून दूर भिरकावली.

महाराजांनी घाबरून टाइप केलं: 'मी थोर आहे.'

चौकट गप्प.

"मारलं! हिने यंत्र मारलं!" हसमुखराव किंचाळले. पण तेवढ्यात ठिणगीने पंचा फेकून नदीची तार अडॅप्टरला बसवली होती. सगळे चौकटीकडे बघत राहिले. दोन कोस वर कासवआबांनी एक आकडा टाइप केला. तो तारेतून चालत आला.

'१'

"एक!" हसमुखराव ओरडले. "महाराज, एक! एकच हात पाणी आहे! एवढ्यासाठी सील फोडलं!"

"थांबा, अजून यायचंय! एकामागून एक येतं ते! आबा दम खातायत..."

हसमुखरावांनी तार हिसकून काढली. गवासाहेबांनी तांब्याची तार शोधून, पुसून, पुन्हा खिळ्यांवर बसवली. 'नदी शांत आहे,' चौकट म्हणाली आणि दरबाराच्या जिवात जीव आला.

मागचा '३' तारेतच राहिला.

*

थोड्याच वेळात तो पाण्यातून आला. पाणी दरबाराच्या पायऱ्या चढलं, आणि त्याच्यावर तरंगत, खांबाला धरून, कासवआबा दाराशी आले.

"तेरा हात," ते म्हणाले. मग त्यांनी दम खाल्ला. "तेल आलं का?"

पुढचं फार भराभर झालं. गवासाहेबांनी सर्वांत आधी संगणक पाठीवर घेतला. महाराजांनी अडॅप्टर स्वतः तोंडात धरला, तांब्याच्या तारेसकट. झेंडूसुद्धा वेचून घेतले. सगळा दरबार टेकडीवर पोचला, एकाचाही पाय ओला न होता.

नगारा मात्र मागे राहिला होता. पाण्याने तो उचलला, दूरवर नेला आणि वळणावरच्या कातळावर आपटला. धम्म!

नगारा वाजला म्हटल्यावर वानरं क्षणभरही थांबली नाहीत. दोन श्वासांत ती खाली होती, ओंजळी पुढे करून. काठच नव्हता. गढूळ पाणी होतं आणि त्यावर शांताराम घिरट्या घालत होता. तो पाण्याला पंख लागेपर्यंत बसून राहिला होता.

वानरांनी बराच वेळ ओंजळी तशाच धरून ठेवल्या.

टेकडीवर संगणक पुन्हा मांडला गेला. महाराजांना खरोखर वाईट वाटलं होतं. त्यांनी ठिणगीच्या देखत टाइप केलं: 'टिटवीची अंडी गेली का?'

'टिटवीची अंडी गेली का?'

"यंत्रालाही माहीत नाही," महाराज हळुवारपणे म्हणाले. "म्हणजे कदाचित गेली नसतील."



*

चौकशी अर्थातच झाली. समितीने तीन गोष्टी नोंदवल्या. पुराच्या आधी, पुरात आणि पुरानंतर यंत्र व्यवस्थित चालत होतं. नदीचं वागणं अहवालाशी विसंगत होतं, तिला समज देण्यात यावी. आणि सील फोडल्याबद्दल टिटवीला दरबारात बोलायची बंदी.

नवं सील आधीच्या दुप्पट जाड ओतलं. संगणक आता टेकडीवरच, एका रुंद चौथऱ्यावर ठेवला. भोवती गोट्यांचं रिंगण केलं. रिंगणाच्या आतली सगळी जागा सील केलेली, असं जाहीर झालं. आत शिरायची परवानगी फक्त हसमुखरावांना, तीही टाइप करण्यापुरती.

पुढच्या वैशाखात हसमुखराव सकाळी टर्मिनलसमोर बसले आणि दचकले. चौथऱ्यावर, अडॅप्टरच्या शेजारी, गोट्यांत चार अंडी होती. वर ठिणगी बसली होती.

"ऊठ! ऊठ इथून!"

बोलायची बंदी असल्यामुळे ठिणगीने फक्त पायाखालच्या सीलकडे चोच केली. हसमुखराव वाकून बघू लागले. अंड्यांना हात लावायचा तर रिंगणातला गोटा हलणार. गोटा हलला तर सील फुटणार.

ते गवासाहेबांकडे गेले. गवासाहेबांनी दोन दिवस रवंथ करून सांगितलं की नियम नियम आहे.

"नदीपासून लांब पडतं जरा," शांताराम म्हणाला. "पण पूर आला की हे पहिलं काय उचलतात ते मी पाहिलंय."

अठ्ठाविसाव्या दिवशी अंडी फुटली. हसमुखराव नेहमीप्रमाणे 'नदी शांत आहे' टाइप करत होते, तेवढ्यात चारही पिल्लं एकदम ओरडली. कोणी टाइप न करता, न विचारता, पूर्ण ताकदीने. आईसारखीच.

हसमुखरावांनी घाबरून चौकटीकडे पाहिलं. तिथे काहीच उमटलं नव्हतं.

"अफवा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पानावर खूण केली.

तात्पर्य : मुलांनो, तुम्हाला वाटलं असेल की दुसऱ्याचं ऐकावं, असं या गोष्टीचं तात्पर्य आहे. ते नापास झालेल्यांसाठी. तुम्हाला परीक्षेत शंभर टक्के हवे असतील तर आपलं तोंड आपल्याच कानाला जोडावं, वर हळदकुंकू वाहावं आणि नदीची तार पंचा वाळत घालायला ठेवावी. आणि तुम्ही टिटवी असाल, तर खरं बोलण्याआधी अंडी कुठे घालायची ते ठरवावं.